माझ्या निवेदनातला चौथा परिच्छेद

फलटणच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, गेली एकतीस वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु सात-बारावरील चुकीच्या नोंदीपासून विधवेच्या निवृत्तिवेतनापर्यंत असा विषय नाही, ज्यावर माझ्या हातचा अर्ज सरकारदरबारी दाखल झालेला नाही. दोन प्रांताधिकाऱ्यांनी माझ्या मसुद्याची भाषा वाखाणलेली आहे. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. पुढे जे घडले ते माझ्या कामाच्या सवयीतून घडले, म्हणून ती सवय प्रथम वाचकांसमोर ठेवणे मला भाग आहे.

ज्यांनी मला हे काम शिकवले ते म्हणत, अर्जदाराच्या बाजूचे तेवढे लिहावे. विरुद्ध जाणारे लिहू नये. ते शोधून काढणे समोरच्याचे काम. या तत्त्वाने मला एकतीस वर्षे अपयश दिले नाही. एकदाच दिले, आणि ते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, माझ्या स्वतःच्या प्रकरणात, माझ्याच पाठीच्या कण्याबाबत.

आज कोणी हातात फाईल धरून डॉक्टरांच्या दाराबाहेर बसला असेल, तर सदर लेखन त्याच्यासाठी आहे. औषधांची नावे मी देणार नाही. ती ज्याची त्याने आपल्या डॉक्टरांकडून घ्यावीत.

फुटपाथ

माझी कन्या प्राजक्ता व जावई निखिलराव पार्सिपनी येथे राहतात. दोघेही कॉम्प्युटरच्या नोकरीत. निखिलराव मूळचे नागपूरचे. बोलणे कमी, काम जास्त. नात आर्या हिच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी आम्ही उभयता गेल्या शरदात तिकडे गेलो. पाठ उन्हाळ्यापासून दुखत होती. दोष मी खुर्चीला देत होतो. एकतीस वर्षांच्या बैठकीनंतर पाठीने तक्रार करणे स्वाभाविक आहे, असे माझे मत होते.

वाढदिवसाच्या खरेदीसाठी आम्ही शनिवारी आयसेलिनला गेलो. तेथे एक रस्ता असा आहे की साडी, सोने, मिठाई, भाजी सर्व आपल्याकडचे मिळते. साडीच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा सांभाळीत मी बाहेर आलो, आणि पुढचे पाऊल टाकण्याचा हुकूम मी दिला असता पायांनी तो मानला नाही. पडलो नाही, फुटपाथवर हळूच बसलो, जणू ठरवूनच बसलो.

"बाबा, हलू नका, अजिबात हलू नका," निखिलराव म्हणाले. "प्राजू, नाइन-वन-वन कॉल कर, क्विक!"

"अहो, तो पुडा सोडा आता, हात द्या इकडे!" ही आमची सौ.

मी पुडा सोडला नाही. तो माझ्यासोबत रुग्णवाहिकेतून गेला.

रुग्णालय

रुग्णालये मी पाहिली आहेत. परंतु हे पाहून मी स्तब्ध झालो, असे प्रामाणिकपणे नमूद करतो. कोणीही ओरडत नव्हते. पलंग बटणाने वर-खाली होत होता. रुग्णाची गाडी ढकलणे एवढेच काम असलेला एक धिप्पाड गृहस्थ होता. तो प्रत्येक दारापाशी थांबून माझे नाव विचारी, मनगटावरची पट्टी वाचून मगच पुढे जाई. माझ्या लग्नातही मला माझे नाव इतक्या वेळा कोणी विचारले नव्हते. पुढे मला कळले की हा संशय नव्हे, ही काळजी आहे. एका माणसाचे औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ते इतका कंटाळा सहन करतात.

तपासणीच्या यंत्राकडे नेताना एका लांब बोळात आम्हाला थांबावे लागे. तेथे भिंतीवर एक जुने चित्र होते. घोड्यावर बसलेले दाढीवाले गृहस्थ, खोगिराच्या दोन्ही अंगांना चामडी पिशव्या, मागे बर्फ. रुग्णालयाचे मालक असावेत, असे समजून मी पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार केला.

"मालक नाहीत बाबा," निखिलराव खालची पाटी वाचून म्हणाले. "डॉक्टर हॅडली. एकोणिसाव्या शतकातले खेड्यातले डॉक्टर. आणि स्टेट लेजिस्लेचरमध्ये पण होते. म्हणजे आमदार, बेसिकली."

डॉक्टर आणि आमदार! मी पुन्हा नमस्कार केला. आमदारांना उद्देशून मी पुष्कळ लिहिले आहे. परंतु घोड्यावरून रोग्याच्या घरी जाणारा आमदार मी चित्रातही प्रथमच पाहत होतो.

निवेदन

दुसऱ्या दिवशी मी कागद मागवला. माझ्या आजाराची हकीकत मी परक्यांच्या तुटक प्रश्नांवर सोडणार नव्हतो. पलंगाला टेकून, डावीकडे चार बोटे समास सोडून, सात परिच्छेदांचे निवेदन मी तयार केले. प्राजक्ताने ते इंग्रजीत उतरवले.

"बाबा, इथे एवढं मोठं कोणी वाचत नाही हो."

"नीट लिहिलेला कागद सगळीकडे वाचला जातो. आणि खाली तुझी सही कर. भाषांतर करणारी म्हणून."

"ते कशाला?"

"आमची पद्धत आहे. ज्याने लिहिले त्याने खाली सही करायची. मजकुराची जबाबदारी असते."

ती हसली, आणि तिने झोकदार सही केली.

निवेदनातील चौथा परिच्छेद एका वाक्याचा होता: 'अर्जदारास यापूर्वी कोणताही गंभीर अथवा संसर्गजन्य आजार झालेला नाही.' प्राजक्ता हे मोठ्याने वाचत असता आमची सौ. खिडकीपाशी आर्याचे झबले घडी करीत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले.

कारण ते वाक्य खोटे होते.

एकोणीस वर्षांपूर्वी मला फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत. तो दवाखाना माझ्या टेबलापासून पन्नास पावलांवर, आणि रांगेत उभे असलेले लोक माझे पक्षकार. एके दिवशी मला खोकताना पाहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपली खुर्ची मागे घेतली. फक्त एक वीत. ती वीत मला सहन झाली नाही. तीन महिन्यांनी खोकला थांबला, वजन वाढले, तसे मी त्या रांगेत उभे राहणेच थांबवले. सर्वांना सांगितले, टायफॉइड होता. प्राजक्ता तेव्हा अकरा वर्षांची. तिला आधीच मामाकडे पाठवले होते. खरे काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

चार दिवस, आणि पाचवा

कण्यातील दोन मणके कुरतडल्यासारखे दिसतात, ती गाठ असेल किंवा जंतूंचे काम असेल, सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, असे डॉक्टर केलर यांनी सांगितले. या पन्नाशीच्या बाई, संसर्गरोगांच्या तज्ज्ञ. बोलताना त्या खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांच्या पातळीवर बसत. मी पडलेला आणि त्या उभ्या, असे कधी झाले नाही. माझे निवेदन त्यांनी खरोखर वाचले होते. काही ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. चौथ्या परिच्छेदाखालीही होती.

त्या चार दिवसांविषयी एवढेच सांगतो की 'गाठ' हा शब्द आमच्या खोलीत कोणी उच्चारला नाही. प्राजक्ता ऑफिसच्या मीटिंगा बोळात उभी राहून करी आणि डोळे पुसून आत येई. सौ. घरून मऊ भात आणी. निखिलराव रोज दाढी करून देत. जावयाकडून दाढी करून घेणे मला प्रथम अपमानास्पद वाटले. तिसऱ्या दिवशी मी त्यांची वाट पाहू लागलो.

पाचव्या दिवशी डॉक्टर केलर आल्या, खुर्ची ओढली, बोलल्या. प्राजक्ता मध्येच रडू लागली.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"बाबा, कॅन्सर नाहीये! टीबी आहे, मणक्याचा टीबी! बरा होतो, पूर्ण बरा होतो!" आणि तिने डॉक्टरीणबाईंना मिठीच मारली.

त्या हसल्या. मग त्यांनी काही विचारले. प्राजक्ता नाक पुसत, हसत, रडत माझ्याकडे वळली. "विचारतायत, टीबीची औषधं आधी कधी घेतली होती का? लेटरमध्ये नाही लिहिलंय, तरी पुन्हा एकदा विचारतायत."

वाचकहो, त्या क्षणी खोलीत केवढा आनंद होता! त्यात मी काय बोलू शकलो असतो? पुष्कळ काही. मी म्हणालो, "नाही."

"No, never," प्राजक्ता म्हणाली.

ग्लोरियाबाई

तेथील पद्धत अशी की क्षयाच्या रोग्याने गोळ्या घेतल्या हे कोणीतरी रोज डोळ्यांनी पाहायचे. त्यासाठी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याकडून ग्लोरियाबाई नावाची परिचारिका घरी येई. मी गोळ्या गिळेपर्यंत ती समोर बसे. मला याचा प्रथम संताप आला. माझ्या शब्दावर यांचा विश्वास नाही काय? आता लिहिताना मान खाली जाते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे त्या पद्धतीला माझ्याआधी ठाऊक होते.

पहिल्या दिवशी तिने बजावले की लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी तिने प्राजक्ताकडे माझे कौतुक केले.

"ग्लोरिया म्हणतेय, सगळे पेशंट पहिल्या दिवशी घाबरून फोन करतात. तुम्ही एकटेच केला नाहीत."

मी चहाचा घोट घेतला. तो रंग मी एकोणीस वर्षांपूर्वीच पाहिला होता. सौ.ने सिंकचा नळ उगाच मोठा सोडला.

दोन महिने गेले. कमरेला पट्टा, हातात वॉकर. बरे वाटायला हवे होते. पाय उलट जड होऊ लागले. अंगठा हलवायला सांगितले की मी त्याच्याकडे बघत बसे. डॉक्टर केलर कोड्यात पडल्या. काढलेला तुकडा लहान होता, त्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढलेच नव्हते. त्यामुळे कोणते औषध लागू पडेल हे त्यांनी रोग्याच्या पूर्वेतिहासावरून ठरवले होते. म्हणजे माझ्या निवेदनावरून. अजून दोन आठवडे पाहू, नाहीतर पाय कायमचे जाण्याचा धोका आहे, असे त्या म्हणाल्या. हे भाषांतर करताना प्राजक्ताचा आवाज शेवटच्या शब्दांवर बसला.

तरीही मी गप्प होतो. मुलीदेखत दोनदा दिलेला जबाब मी कसा फिरवणार?

डॉक्टर हॅडली यांचे घर

त्या शनिवारी निखिलराव म्हणाले, "बाबा, घरात बोअर होताय तुम्ही. चला, ते तुमचे आमदार डॉक्टर आहेत ना, त्यांचं घर अर्ध्या तासावर आहे. म्युझियम केलंय. रॅम्प पण आहे."

टेकड्यांमधले पांढरे लाकडी घर, दोन खोल्या पाहण्यासाठी खुल्या. आत डोरोथी नावाच्या वृद्ध बाई स्वयंसेविका म्हणून बसलेल्या. दुसरे कोणी नव्हते. त्या सांगत, निखिलराव मला मराठीत सांगत. चामड्याच्या पिशव्या तेथे प्रत्यक्ष होत्या. आतील कप्प्यांत बोटाएवढ्या बाटल्या. हिवाळ्यात हे गृहस्थ घोड्यावर झोपून जात, आणि घोडा त्यांना आपोआप घरी आणी. फी म्हणून कोणी बटाटे देई, कोणी काही देत नसे.

भिंतीवर काचेत एक कागद होता. मी जवळ गेलो आणि उभा राहिलो. इंग्रजी मला अर्जापुरते कळते. आणि तो अर्जच होता! डॉक्टरांनी गावकऱ्यांसाठी विधिमंडळाकडे लिहिलेला. खाली सह्या, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या फुल्या, आणि प्रत्येक फुलीपुढे डॉक्टरांच्या हातचे नाव. समास सरळ. मागणी अखेरच्या परिच्छेदात, एका वाक्यात. माझ्या व्यवसायातील माणूस म्हणून सांगतो, याहून चांगला मसुदा मी पाहिलेला नाही.

"निखिलराव, हा माणूस आमच्यापैकी आहे."

"थांबा बाबा, अजून एक आहे. त्या म्हणतायत, हे खरं बघण्यासारखं."

डोरोथीबाईंनी काचेखालची वही दाखवली. डॉक्टरांची रोजची वही: कोणाच्या घरी गेलो, काय पाहिले, काय सांगितले. एका पानावर समासात वेगळ्या शाईत बारीक अक्षरे दाटलेली होती.

निखिलराव वाकून वाचू लागले. मध्येच थांबत, बाईंना विचारत. "गावात ताप आला होता. यांना वाटलं, दलदलीच्या हवेने येतोय. म्हणून प्रत्येक घरी सांगितलं की शाळेमागच्या विहिरीचंच पाणी प्या, ते सगळ्यात स्वच्छ आहे. प्रत्येक घरापुढे तसं लिहिलंय, बघा. आणि ताप वाढतच गेला. मुलं गेली त्यात. मग काही आठवड्यांनी यांना दिसलं की तबेल्याचं घाण पाणी त्याच विहिरीत झिरपतंय." ते थांबले. "मग हे मागे गेले, बाबा. जुन्या प्रत्येक नोंदीशेजारी लिहिलं की इथे मी चुकीचं सांगितलं. प्रत्येक घरापुढे. आणि खाली सही."

"जुनी नोंद खोडली?"

निखिलरावांनी विचारले. बाईंनी मान हलवली. "एकही नाही. तशीच ठेवलीय."

पुढचे डोरोथीबाईंनी सांगितले. डॉक्टर विधिमंडळात गेले, तेव्हा विहिरीजवळ तबेला नसावा असा कायदा त्यांनी मांडला. तबेलेवाले उठले. पुरावा काय, कोण डॉक्टर म्हणतो, असे विचारू लागले. तेव्हा या गृहस्थांनी आपली वही मागवली आणि भर सभेत उभे राहून एकेक घर वाचले. तेथे आपण काय सांगितले, आणि तेथे कोण गेले. ती सारी त्यांच्याच मतदारसंघातील घरे.

"मग?"

"कायदा झाला. पुढची निवडणूक हे हरले. परत घोड्यावर."

मी निखिलरावांना म्हणालो, "त्यांना विचारा, त्यानंतर लोक यांना घरी बोलावत होते का? आजारी पडल्यावर?"

डोरोथीबाईंनी प्रश्न ऐकला, आणि प्रथमच निखिलरावांकडे न पाहता माझ्याकडे पाहून उत्तर दिले.

"बोलावत होते म्हणतात," निखिलराव म्हणाले. "शेवटपर्यंत. ज्या घरांची नावं वाचली ना, त्या घरांतूनसुद्धा."

मी त्या पानासमोर किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. एकतीस वर्षांत मी हजारो माणसांच्या वतीने लिहिले. स्वतःच्या विरुद्ध लिहून खाली स्वतःच सही करणारा मनुष्य मी पाहिला नव्हता. देवळात जे होते ते मला त्या लाकडी खोलीत झाले. हात आपोआप जोडले गेले.

"बाबा, बसा. पाय थरथरतायत तुमचे."

गाडीत

परतताना मी निखिलरावांना म्हणालो, "चौथा परिच्छेद खोटा आहे."

त्यांना कळले नाही. मी सर्व सांगितले. रांग, खुर्ची, तीन महिने. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "बाबा, आर्या रोज तुमच्या मांडीवर झोपते."

फोन हातात घेऊन ते पुढे म्हणाले, "डॉक्टरांना मी आत्ता मेसेज करतो. पण प्राजूला तुम्ही सांगायचं. ते मी नाही करणार."

दुरुस्ती

प्राजक्ता स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी वॉकरवर उभा राहूनच सांगितले. बसून सांगण्याची हिंमत नव्हती. ती ऐकत राहिली. हाताची कणीक वाळली.

"बाबा, ते माझ्या तोंडून गेलं," ती म्हणाली. "डॉक्टरांना 'नेव्हर' कोण म्हणालं? मी म्हणाले. सही कोणाची आहे? माझी."

"होय."

"आणि मामाकडे? चार महिने मी मामाकडे होते. मला वाटायचं, गणितात नापास झाले म्हणून तुम्ही मला घरातून काढलंत. एकोणीस वर्षं मला तेच वाटतंय, बाबा."

ही गोष्ट माझ्या कल्पनेतही नव्हती. कागदावरून जे मी वगळले, त्याची जागा माझ्या मुलीने अशी भरून काढली होती.

सौ. आतून आली. तिच्या हातात कुंकवाची कापडी पिशवी होती. तिने त्यातून घडी घातलेले पिवळे कार्ड काढून ओट्यावर ठेवले. सरकारी दवाखान्याचे माझे कार्ड. गोळ्या, तारखा, आणि तीन महिन्यांनंतरच्या मोकळ्या चौकटी.

"तू हे अमेरिकेला आणलंस?"

"लागलं तर असावं म्हणून. तुम्ही सांगाल, सांगाल म्हणून वाट बघत बसले. माझंही चुकलं. मीच सांगायला हवं होतं."

सोमवारी डॉक्टर केलर यांच्यासमोर मी दुसरा कागद ठेवला. विषय: पूर्वीच्या निवेदनातील परिच्छेद चार खोटा असलेबाबत. त्यात 'नजरचुकीने' हा शब्द मी वापरला नाही. अशा ठिकाणी तो वापरण्याचा मला सराव आहे. प्राजक्ताने शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवला. परंतु 'भाषांतर करणार' या शब्दांपुढची जागा तिने कोरी ठेवली.

"सही राहिली," मी म्हणालो.

"एकदा केली होती मी," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पिवळे कार्ड दिव्याखाली धरले. मी रागाची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, हे कार्ड आज माझ्याकडे असलेला सर्वांत मोलाचा कागद आहे. मग सौ.ला विचारून त्यांनी गोळ्यांचे रंग आणि आकारही लिहून घेतले. मी विनंती केली की पहिले निवेदन फाईलमधून काढून टाकावे.

"नाही म्हणतायत," प्राजक्ता माझ्याकडे न पाहता म्हणाली. "दोन्ही राहणार. नाहीतर पुढच्या डॉक्टरला कळणार नाही की हे दोन महिने का वाया गेले."

मला समासातली ती बारीक अक्षरे आठवली.

पुढचे

नवा तुकडा काढला. अर्धवट सोडलेल्या औषधांना जंतू सरावले होते, हे त्यातून सिद्ध झाले. औषधे बदलली, कण्यावरचा दाब काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. घरातील सर्वांच्या तपासण्या झाल्या. माझी फुप्फुसे स्वच्छ होती आणि कण्याचा क्षय असा पसरत नाही, हे डॉक्टरांनी समजावले होते. तरीही आर्याचा निकाल येईपर्यंतचे तीन दिवस मी त्या मुलीकडे दुरून पाहिले. ती "आबा, मांडी!" म्हणून धावत येई आणि निखिलराव तिला वरच्या वर उचलून नेत. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. निकाल चांगला आला त्या संध्याकाळी त्यांनीच तिला आणून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "घ्या. सांभाळा."

शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या दिवशी माझा उजवा अंगठा हलला. ग्लोरियाबाई समोर होती. तिने टाळ्या वाजवल्या. मी माझ्या अंगठ्याकडे असा पाहत राहिलो, जणू तो दुसऱ्याचा असून मला भेटायला आला आहे.

प्राजक्ता माझी सेवा करीत होती, बोलतही होती. औषध, जेवण, वेळा. त्यापलीकडे काही नाही. रुग्णालयात प्रत्येक शब्द चोख भाषांतरित करी आणि सहीच्या जागी पेन उचलून घेई. मी आग्रह केला नाही. आजारी माणसाला वाटते की आपण बरे झालो म्हणजे घरही बरे झाले. तसे होत नाही. घराला वेगळे दिवस लागतात.

फॉर्म

आता मी काठीने चालतो. नव्या औषधांपैकी एकाने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मागील महिन्यात पार्सिपनीतच एका नव्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तेथे आम्हाला कोणी ओळखत नव्हते. फॉर्म आला. प्राजक्ता भरू लागली.

"डायबिटीस नाही. ब्लड प्रेशर नाही. हार्ट नाही..." तिचे पेन पुढच्या ओळीवर थांबले. ती माझ्याकडे पाहू लागली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गोरी वृद्धा बसली होती, तिचे कोपर माझ्या कोपराला लागत होते.

मी पेन मागून घेतले. 'होय'च्या चौकटीत खूण केली. खाली बोटभर जागा होती. तीत, समास राखून, माझ्या अर्जापुरत्या इंग्रजीत लिहिले की पूर्वी क्षयरोग झाला होता आणि उपचार अपुरे राहिले, ते मी स्वतः सोडले म्हणून. शेजारच्या वृद्धेने वाकून वाचले असावे. तिने खुर्ची मागे घेतली की नाही, ते मी पाहिले नाही.

प्राजक्ताने वाचले. "बाबा, 'स्वतः' लिहायची काही गरज नव्हती. आय-डॉक्टरला काय करायचंय त्याचं?"

"गरज होती."

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: मदत करणाऱ्याची सही. मी तिकडे बोट दाखवले नाही. तिने फॉर्म आपल्या मांडीवर ओढला, माझ्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या, आणि खाली सही केली. ती पहिल्यासारखी झोकदार नव्हती. सावकाश, पूर्ण नावाची होती.